पैलवान इतका जाड नव्हता

दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि मी खांदा लावून ते वर ढकलत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुजाताचा होता. सुजाता म्हणजे माझे जुने मित्र अंबादासअण्णा यांची मुलगी; ती त्यांना अप्पा म्हणते. ती एरवी मला फोन करत नाही, त्यामुळे नाव बघताच मी फोन उचलला. "काका, अप्पा गेले. पहाटं चहा मागितला, आणून देईपर्यंत..." एवढंच बोलली. शटर तसंच अर्धं सोडून मी गाडीला किक मारली. सोलापूरच्या सात रस्त्याहून पूर्व भागात जाईपर्यंत मी कुठले सिग्नल तोडले ते मला माहीत नाही. त्यांच्या गल्लीत शिरलो आणि पहिल्यांदा जाणवली ती शांतता. त्या गल्लीत तीसेक वर्षं मी येतोय, यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झालेली. त्या दिवशी सगळे माग बंद होते. अण्णांसाठी बंद ठेवले होते.

अंत्यविधीनंतर ओट्यावर बसलेली माणसं म्हणत होती, "लई साधा माणूस होता." एकानं म्हटलं, मग दुसऱ्यानं म्हटलं, मग जो येईल तो तेच म्हणायला लागला. चांगल्या मनानं म्हणत होते, पण माझं डोकं तापलं. साधा? पांढरा लेंगा-शर्ट घालणारा आणि आवाज न चढवणारा माणूस साधा असतो, हे कुणी ठरवलं? नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमच्या मशीनमधली चित्रं कशी रचलेली असतात, हे या अख्ख्या शहरात फक्त एका माणसानं ओळखलं होतं, आणि त्या माणसानं आयुष्यात एकही गेम जिंकलेला नव्हता. हे तिथं ओट्यावर सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून आता, महिना उलटून गेल्यावर, जरा शांत डोक्यानं लिहायला बसलोय.

त्या काळात माझं सात रस्त्याजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. वडील शिक्षक. त्यांची इच्छा मी बँकेत चिकटावं अशी, आणि मी मुंबईहून चार जुनी मशीन टेम्पोत घालून आणली. दोन वर्षं वडील माझ्याशी फक्त जेवायला बोलावण्यापुरतं बोलले. लांबट, बोळासारखा गाळा, दोन्ही भिंतींना दोन-दोन मशीन, आणि दिवसाढवळ्यासुद्धा आत अंधार, कारण उजेड आला की काचेवर चमक पडते. कॉलेजची पोरं टोकन घेऊन बटणं बडवायची. अशात एका दुपारी चाळिशीच्या आसपासचा एक माणूस आत आला आणि हाताची घडी घालून मारामारीच्या गेमवर खेळणाऱ्या पोरांमागे उभा राहिला. मी मनात म्हटलं, आला कुणाचा तरी बाप, आता इथं तमाशा होणार. पण त्यानं कुणाचा कान धरला नाही. तासभर नुसता बघत राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "ह्यो पैलवान जरा उभाच ठेवता येतोय का? पोरं लई हलवतेत त्येला. मोजता येईना झालंय."

मोजता? मी विचारलं, काय मोजायचंय? "चौकोन," तो म्हणाला.

तेव्हा कळलं, गृहस्थ चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतात. आपण चादर बघतो तेव्हा मोर दिसतो, फुलं दिसतात. पण तो मोर आधी एका मोठ्या आलेख कागदावर बारीक बारीक चौकोन भरून काढावा लागतो. एक चौकोन म्हणजे कापडातला एक टाका. मग त्या कागदावर बघून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते माळेसारखे ओवायचे आणि मागाच्या डोक्यावर चढवायचे. जिथं भोक तिथं धागा वर. अंबादासअण्णा वीस वर्षं हे चौकोन भरत होते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि डोक्यात रात्रंदिवस चौकोन. एका दुपारी रस्त्यानं जाताना पडद्याच्या फटीतून त्यांना माझ्या मशीनवरचा पैलवान दिसला, आणि आपल्यासारखंच काम करणारा आणखी कुणीतरी या जगात आहे, हे त्यांना रस्त्यात उभ्या उभ्या समजलं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. "कोण हाय, कुटं हाय, काय ठावं नाय. पण त्येनं बी चौकोनच भरल्यात की!"

मग त्यांची दुपारची सुट्टी माझ्याकडे जायला लागली. दुपारी गर्दी नसे, मी टोकन न टाकता मशीन चालू करून द्यायचो आणि पैलवानाला नुसता उभा ठेवायचो. तो श्वास घेतल्यासारखा वरखाली व्हायचा. पिवळा लंगोट, डाव्या दंडाला लाल फडकं. अण्णा खिशातून कापडातले धागे मोजायचं घडीचं भिंग काढून काचेला लावायचे. पहिल्यांदा मी हसलो. तिसऱ्या आठवड्यात हसायचं बंद झालं, कारण त्यांनी मला सांगितलं की या पैलवानाच्या अंगावर सगळे मिळून पंधराच रंग आहेत. मी पैज लावली, शंभर तरी असतील. त्यांनी कागदावर पंधरा ठिपके काढून दाखवले आणि सोळावा शोधून द्या म्हणाले. मला सापडला नाही. "बघा, खांद्यावरचा उजेड हाय ना, तोच रंग दातांना वापरलाय. आन् केसातला काळा तोच खालच्या सावलीला. एक रंग बी फुकट घालवला नाय." त्या कंजुषीचं त्यांना केवढं कौतुक! आपण माणसाच्या उधळेपणाचं करतो, ते कंजुषीचं करायचे. चादरीत त्यांना दोन-तीन रंगांत मोर उभा करावा लागायचा, त्यामुळे पंधरा रंगांत माणूस उभा करणाऱ्याची कदर त्यांनाच कळायची.

खेळायला मात्र त्यांना एकदाच उभं केलं. मी समोर खेळाडू. त्यांनी बटणाला हात लावलाच नाही. माझा गडी त्यांच्या गड्याला धोपटतोय आणि हे पुढे वाकून बघतायत, मार खाताना त्याच्या गालाचे चौकोन कसे बदलतात ते. हरल्यावर म्हणाले, "अजून एकदा मारा की."

एका दिवशी तो पैलवान बिघडला. अंगावर उभ्या फटी पडल्या, जणू कुणी फणी फिरवली. बाबूभाई नावाचे आमचे मेकॅनिक आले, मशीन उघडलं, आतली मोठी पाटी बाहेर काढली आणि डोकं खाजवत बसले. "मालक, बोर्ड गया. बंबई भेजना पडेगा." अण्णा शेजारीच उभे. त्यांनी विचारलं, "भाई, ह्यात नक्षी कुटं असती?" बाबूभाईंनी एका कडेला ओळीत बसवलेल्या चार काळ्या चिप दाखवल्या. चित्रं सगळी यांच्यात. अण्णांनी पडद्यावरच्या फटी मोजल्या, पुन्हा मोजल्या. "दर चौथी उभी रेघ मोकळी हाय. म्हंजे चारातला एक पत्ता येईना झालाय. बाकीचे तीन नीट हायत. बोर्ड नाय गेला. एकच पत्ता निसटलाय." बाबूभाईंनी त्या चार चिप एक-एक करून काढल्या, पाय खरवडले, पुन्हा दाबून बसवल्या. तिसरी दाबली आणि पैलवान अखंड उभा राहिला. बाबूभाई अण्णांकडे वळून म्हणाले, "आप पहले किधर काम करते थे?" त्या दिवसापासून बाबूभाई त्यांना 'उस्ताद' म्हणायला लागले. मला आजही वाटतं, ही पदवी एखाद्या विद्यापीठानं दिली असती तरी अण्णांना इतकी शोभली नसती.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला एक विचित्र गोष्ट करायला लावली. दोन्ही बाजूंनी खेळाडू घ्या आणि दोघं बी ह्योच पैलवान घ्या, म्हणाले. मी घेतले. एकच पैलवान दोनदा, समोरासमोर. ओळखू यावेत म्हणून मशीन दुसऱ्याला रंग बदलून देतं. एक नंबरला पिवळा लंगोट, दोन नंबरला निळा. अण्णा एकदम टाळी वाजवून हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं. "ह्येच्या फडक्याकडं बघा! एक नंबरच्या डाव्या दंडाला हाय, दोन नंबरच्या उजव्या दंडाला गेलंय. नवीन काढलाच नाय! नक्षी तीच, नुसती पालटी मारलीय आन् रंग बदललाय!" एकच नक्षी पालटून दोनदा वापरायची त्यांच्या धंद्यातली चोरी सातासमुद्रापारच्या कुणीतरी तशीच्या तशी केली होती, याचा तो आनंद. मी आपला "वा वा" म्हणालो आणि टोकन मोजायला गेलो.

त्यानंतर तीन-चार महिने ते कमी यायचे. आले की भिंग लावून काहीतरी तपासायचे आणि जायचे. एकदा म्हणाले, "मल्लूशेठ, ह्या मशीनचे चौकोन चौरस नायत. उभे हायत जरासे." मी म्हटलं, अण्णा, चौकोन आहेत म्हणजे चौरसच असणार. ते म्हणाले, "नाय. आमच्या कापडात बी उभे धागे दाट आन् आडवे पातळ असत्यात, म्हणून कागद तसाच आखलेला घ्यावा लागतो. नायतर मोराचं बदक होतंय. ह्येनं बी तसंच केलंय. काढताना जाड काढलाय, काचेवर गेल्यावर बारीक दिसावा म्हणून." मला यातलं ओ की ठो कळलं नाही.

आणि मग एका दुपारी ते बगलेत घडी घेऊन आले. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं एक माग मिळवून त्यांनी चादर विणली होती. एकच. मी घडी उघडली आणि ओरडलोच. निळ्या जमिनीवर पिवळा पैलवान, पुरुषभर उंच, मुठी आवळून उभा, दंडाला लाल फडकं. पोरं खेळ सोडून गोळा झाली. माझ्या डोक्यात एकच विचार: हा दारात लावायचा! रस्त्यावरून जाणारा थांबलाच पाहिजे. अण्णा काहीतरी सांगत होते, "मल्लूशेठ, जरा पालटून..." पण मी चादर खांद्यावर टाकून शेजारच्या शिंप्याकडे पोचलोसुद्धा. कड्या लावून दे म्हटलं. शिंपी म्हणाला, उजेड आत येईल, मागून काळं अस्तर जोडून देऊ का? मी म्हटलं, दे. संध्याकाळच्या आत पडदा दारावर चढला. पैलवान रस्त्याकडे तोंड करून, मागं काळं अस्तर. अण्णांनी अस्तराची कड बोटांत धरून बघितली. "अस्तर लावलं व्हय?" मी म्हटलं, अण्णा, काचेवर चमक पडते ना. "बरोबर हाय," ते म्हणाले. त्या दिवशी चहा न घेता गेले. मला वाटलं, घाईत असतील.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांच्याच बाबतीत तसंच झालं. घरोघरी कॉम्प्युटर आले, पार्लर ओस पडलं, मशीन भंगारात गेली. त्याच गाळ्यात मी झेरॉक्स आणि मोबाइलच्या सामानाचं दुकान टाकलं. तिकडे कारखान्यातही नक्षी कॉम्प्युटरवर निघायला लागली आणि हातानं चौकोन भरणाऱ्या माणसाला टॉवेल मोजून बांधायच्या टेबलावर बसवलं गेलं. मालकाच्या पोरानं त्यांचे जुने कागद रद्दीत दिले. मी चिडलो, भांडायला जातो म्हणालो. अण्णाच मला समजावत होते, "चौकोन तेच हायत की. भरणारा बदलला." पण त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी ते भिंग खिशात ठेवलं नाही. हे मी बघितलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये यासाठी त्यांनी फार मेहनत घेतली.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा मुलगा निखिल पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. हल्ली म्हणे पुन्हा त्या जुन्या चौकोनी चित्रांची हौस आली आहे. ही पोरं तसाच दिसणारा नवा गेम करत होती आणि अभ्यासासाठी जुने गेम लॅपटॉपवर चालवून बघत होती. घरी आला तेव्हा मला दाखवायला त्यानं आमचाच पैलवान लावला. माझे डोळे भरून आले. मी लगेच फोन करून अण्णांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेली, जिना चढताना दोनदा थांबले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, बघितलं... आणि चष्मा काढून पुन्हा पुसला.

"काय झालं, अण्णा?"

"ह्यो जाड झालाय. पैलवान इतका जाड नव्हता."

निखिल हसला. उद्धटपणे नाही, मायेनंच. "काका, ही त्या चिपमधलीच चित्रं आहेत. एकेक ठिपका जसाच्या तसा. यात बदल होऊच शकत नाही." अण्णांनी मान हलवली. "ठिपके तेच असतील. पण तुमी चौरस केल्यात. ते उभे होते." निखिलनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला: म्हातारपण, आठवणींचा घोळ. अण्णांनाही तो कळला. ते उठायलाच लागले होते. मला एवढं लागलं ते, की मी त्यांना बसवून तडक दुकानात गेलो, माळ्यावर चढलो आणि पार्लर बंद झाल्यापासून धूळ खात पडलेला तो पडदा घेऊन आलो. निळी जमीन उन्हानं राखाडी झालेली, पिवळा रंग जवळजवळ गेलेला, पण पैलवान होता. निखिलला म्हटलं, मोज. त्यानं टेप घेतली. डोक्यापासून पायापर्यंत, मग खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग लॅपटॉपवर. मग पुन्हा चादरीवर. बराच वेळ काहीतरी आकडे जुळवत राहिला, आणि मग त्यानं लॅपटॉपवरचं चित्र दोन्ही बाजूंनी आत दाबलं. पैलवान बारीक झाला, उंच झाला, आणि एकदम तोच झाला... पार्लरमधला.

"आता?" निखिलनं विचारलं.

"आता बरा हाय," अण्णा म्हणाले.

पुण्याला परतल्यावर निखिलचा फोन आला. जुन्या मशीनची काच वेगळ्या मापाची असायची, तिच्यावर प्रत्येक ठिपका उभट पडायचा, हे त्यांनी पडताळून बघितलं होतं आणि नव्या गेममधली सगळी चित्रं दुरुस्त करायला घेतली होती. "बाबा, आमचे सर विचारतायत, ते काका कुठल्या कंपनीत होते?" मी म्हटलं, चादरीच्या. मी हे अण्णांना जाऊन सांगितलं. पुढच्या वेळी भेटले तेव्हा शर्टाच्या खिशात भिंग होतं.

त्या दिवशी, निखिलनं मोजमाप घेतल्यावर, अण्णा जाता जाता पडद्यापाशी थांबले होते. काळ्या अस्तरावरून हात फिरवून म्हणाले, "हे अस्तर काढा की आता. काम झालं त्येचं." मी म्हटलं, काढतो की. आणि घडी घालून पडदा पुन्हा माळ्यावर टाकला. हेच मी लिहायचं टाळत होतो इतका वेळ.

तेराव्यानंतर सुजाता दुकानात आली. अप्पांनी विणलेली ती एक चादर बघायची आहे, म्हणाली. घरी त्यांच्या हातचं काहीच उरलेलं नव्हतं. मी पडदा काढला आणि तिला म्हटलं, आधी अस्तर काढू, तुझ्या अप्पांना सांगितलं होतं. सुजाता टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. तिनं ब्लेड घेऊन टाके सरासर उसवले. काळं कापड खाली पडलं.

सोलापूरची चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. इकडं जे निळं ते तिकडं पिवळं, इकडं जे पिवळं ते तिकडं निळं. सोलापुरात जन्मलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागू नये. आणि मी, सोलापुरात जन्मलेला, तीसेक वर्षं त्या बाजूवर काळं फडकं शिवून बसलो होतो. पिवळ्या जमिनीवर निळा पैलवान उभा होता. तोंड उलट्या दिशेला. लाल फडकं उजव्या दंडाला. उन्हाचा एक कण न लागलेला, मागावरून आत्ता उतरल्यासारखा कोरा.

"दोन नंबर," मी म्हणालो.

"काय, काका?"

मला सांगताना तीनदा थांबावं लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्या निळ्या रंगावरून हात फिरवत म्हणाली, "मग अप्पांनी तुमाला तवाच सांगितलं का नाय?"

"सांगत होते," मी म्हटलं. "मी शिंप्याकडे निघालो होतो."

लाज वाटली, ती अजून वाटते. पण खरं सांगू? त्यापेक्षा जास्त अभिमान वाटला. मशीननं जी करामत चिपमध्ये केली, ती या माणसानं एका मागावर, एका सुट्टीच्या दिवशी, एका कापडाच्या दोन बाजूंत बसवली, आणि ती दाखवायची घाई केली नाही. साधा माणूस म्हणे!

चादर मी सुजाताला देत होतो. ती म्हणाली, "नको काका, कपाटात ठेवली की पुन्हा अंधारच. हितंच लावा, लोकांनी बघितली पाहिजे." म्हणून आता ती दुकानाच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमधल्या दारात आहे, अस्तराशिवाय. गिऱ्हाईक बाहेरच्या बाजूनं बघतं, त्याला विटलेला एक नंबर दिसतो. झेरॉक्स निघेपर्यंत बघत उभं राहतं, कुणी कुणी "छान आहे हो" म्हणतं. मग मी हातातलं काम बाजूला ठेवतो, यंत्र बंद करतो आणि म्हणतो, "जरा पालटून बघा की."